जराशास्त्राचे ऑनलाईन पदव्युत्तर शिक्षण : पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका किंवा समाजकार्याची पदवी घेऊन ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणारी व्यक्ती आज नोकरी न सोडता जराशास्त्राच्या, म्हणजेच जेरॉन्टॉलॉजीच्या, पदव्युत्तर अभ्यासाचा विचार करू शकते. ही शक्यता दोन स्वतंत्र इतिहासांतून आलेली आहे. एक या विद्याशाखेचा आणि दुसरा दूरशिक्षणाचा. दोन्हींच्या मर्यादाही तिच्यात उतरल्या आहेत.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १९०३ मध्ये वार्धक्याच्या अभ्यासाला जेरॉन्टॉलॉजी हे नाव दिले. आतड्यांतील घातक जंतूंमुळे माणूस लवकर म्हातारा होतो आणि आंबवलेल्या दुधाने त्यांना आळा बसतो, अशी त्यांची धारणा होती. (दूधदुभत्याच्या कोल्हापुरात ती वादाविना मान्य झाली असती.) १९०९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी वृद्धांच्या रोगोपचारासाठी जेरियाट्रिक्स ही वेगळी शाखा सुचवली. या शाखेला खरा आधार मात्र प्रत्यक्ष कामातून मिळाला. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने १९३५ मध्ये शेजारचा गरीबखान्याचा दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हा वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेले सातशेहून अधिक रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आले. त्यांनी एकेकाची नीट तपासणी केली, कोणाला उपचाराची, कोणाला व्यायामाची आणि कोणाला नुसत्या निवाऱ्याची गरज आहे हे वेगळे काढले, आणि कायमचे अंथरुणाला खिळलेले समजल्या गेलेल्यांपैकी अनेकांना उठवून घरी पाठवले. डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचार करणारे आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून एका वृद्धाचा विचार करायचा, ही पद्धत रूढ होण्यात या कामाचा वाटा मोठा आहे, आणि आजच्या अभ्यासक्रमांची बहुविद्याशाखीय मांडणीही याच विचाराला धरून आहे.

विद्यापीठीय पदवीचा टप्पा अमेरिकेत आला. तेथे १९४५ मध्ये जेरॉन्टॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली होती, पण स्वतंत्र अभ्यासक्रमांना बळ मिळाले ते १९६५ च्या वृद्धांविषयीच्या कायद्याने, कारण त्यात सेवांबरोबरच त्या सेवा देणारी माणसे तयार करण्यासाठीही निधीची तरतूद होती. १९७५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जराशास्त्राचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले. ज्या केंद्रात ते भरते, त्याला एथेल पर्सी अँड्रस यांचे नाव आहे. निवृत्त शिक्षकांच्या तुटपुंज्या पेन्शनचा आणि आरोग्य विम्याचा प्रश्न हाती घेतलेल्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. याच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी पुढे ऑनलाईनही मिळू लागली.

भारतात हा क्रम तसा राहिला नाही. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात जराचिकित्सेतील, म्हणजे जेरियाट्रिक्समधील, एम. डी. सुरू झाली. म्हणजे डॉक्टरांची वाट आधी आखली गेली. सामाजिक बाजूला १९९९ चे राष्ट्रीय वृद्ध धोरण आले, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षण संस्थेने पदव्युत्तर पदविका चालवली, पुण्यात इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटरची भारतीय शाखा निघाली. परंतु संपूर्ण पदवी देणारी विद्यापीठे थोडीच राहिली. माझ्या मते आपल्याकडच्या या शिक्षणाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे, कारण गरज वाढली ती बरीचशी दवाखान्याबाहेर. २०११ च्या जनगणनेत देशातील ८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते.

दवाखान्याबाहेरची ही गरज कशी असते हे पाहण्यासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा घ्या. त्याखालील न्यायाधिकरणाचा अध्यक्ष प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसावा लागतो, त्यामुळे मुलगा सांभाळत नाही ही तक्रार प्रांत कार्यालयात येते. देखभालीच्या अटीवर बक्षीसपत्राने शेत किंवा घर नावावर करून दिले आणि ती अट मोडली गेली, तर कलम २३ प्रमाणे तो व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. निकालापूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवण्याचीही सोय आहे, आणि समोर बसलेल्या आजोबांचे विस्मरण, त्यांचे सुनेवरचे अवलंबित्व, सात-बाऱ्यावरून धुमसणारे भावाभावांतील वैर हे सगळे एकत्र ओळखणारा माणूस तेथे नसेल तर कागदावरचा समेट गावी पोचेपर्यंतही टिकत नाही. तीच गोष्ट पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी छावणीत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला शिधा मिळतो, पण रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिलेल्या असतात, चष्मा किंवा कवळी पाण्यात गेलेली असते आणि गुडघे धरलेल्याला तेथील शौचालयात उकिडवे बसता येत नाही.

दूरशिक्षणाचा धागा कोल्हापूरला वेगळ्या रीतीने जवळचा आहे. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय शहरात हवी, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहे उभी केली. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू करून विद्यार्थ्याने शहरात येण्याची अटच सैल केली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. संपूर्ण पदवी ऑनलाईन देण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ चे असून, २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाईन अभ्यासक्रमांना एकच नियमावली लागू झाली.

वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार यांसारखे विषय या नियमांनी ऑनलाईन पदवीच्या बाहेर ठेवले आहेत, आणि २०२५ पासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संलग्न आणखी विषयांना मनाई झाली. ती योग्यच म्हणावी लागेल. वृद्ध रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे पडद्यावर पाहून येत नाही. जराशास्त्र बहुतेक ठिकाणी समाजशास्त्र किंवा समाजकार्याच्या अंगाने शिकवले जाते, म्हणून त्याला जागा राहते. तरीही प्रवेश घेणाऱ्याने पदवी कोणत्या विद्याशाखेखाली आहे आणि ती आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता यादीत चालू सत्रासाठी आहे का, हे आधी पाहावे; भारतीय विद्यापीठांच्या अशा अभ्यासक्रमांना आता डेब आयडीही, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांकही, काढावा लागतो. शिवाय क्षेत्रकार्याचे तास किती, ते आपल्या गावच्या संस्थेत करता येतील का आणि त्यावर देखरेख कोण ठेवणार, हे माहितीपत्रकात नसेल तर फी भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.