गाव तेच, पण नकाशातली हद्द बदलली तर? (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. हा कागद काहून काढला ते आधी सांगतो. मागच्या खरिपापासून आमच्या नकाशे-डेटाच्या ऑफिसात फोन येऊन राहिले, की तुमच्या नकाशात आमचं गाव जुन्याच महसूल मंडळात (तालुक्यातला काही गावांचा गट) दिसते, आम्ही तर आता नवीन मंडळात आहो. आणि त्याच आठवड्यात बरोबर उलटा फोन, की तीन वर्षांपूर्वीच्या पावसाचा रिपोर्ट मागितला होता, त्यात गाव नवीन मंडळात कसं काय गेलं, तेव्हा तर ते मंडळच नव्हतं. दोघंही बरोबर आहेत. फक्त दोघांची तारीख वेगळी आहे.

सातबारा तर सगळ्यांनी पाहिला आहे. वावर विकलं तर पटवारी जुन्या मालकाचं नाव खोडून फेकत नाही, त्याला कंस करते, फेरफार नंबर टाकते आणि नवीन नाव लावते, म्हणून किती का वर्षांनी होईना कोणी विचारलं तर फेरफार काढून सांगता येते की हे वावर कोणाकडून कोणाकडे गेलं. आम्ही गावाच्या हद्दीचं पण तसंच करतो. आमच्या सिस्टिममधे प्रत्येक हद्दीला दोन तारखा असतात, कधीपासून लागू आणि कधीपर्यंत लागू, सोबत नोटिफिकेशनचा नंबर आणि ही हद्द कोणत्या जुन्या हद्दीतून निघाली ते. बदल झाला की जुनी हद्द डिलीट होत नाही, तिला कंस होतो.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला आम्हीच हे करत नव्हतो. नवीन शेपफाइल (हद्दींच्या रेषांची कॉम्प्युटर फाइल) आली की जुनीवरच कॉपी मारायची, काम झालं. मग एका ग्राहकानं आधी दिलेलाच नकाशा पुन्हा मागितला आणि तो आमच्याकडून निघेचना, कारण त्याच्या खालचा डेटाच गेला होता. तेव्हापासून कंस.

हद्दी बदलणं हे काही नवीन लफडं नाही. वाशीम १९०५ पर्यंत जिल्हा होता, मग मोडला, आणि अकोल्यातून परत निघाला तो १ जुलै १९९८ ला. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, मग नांदेडमधे गेलं आणि १९५९ ला चांद्यात (आताचं चंद्रपूर) आलं, म्हणजे तिथला जुना कागद शोधायचा तर आधी तारीख पाहा मग ऑफिस ठरवा. आता भंडाऱ्याचे आकडे बघा. १९९१ ला लोकसंख्या २१ लाखाच्या वर, २००१ ला साडेअकरा लाख पण नाही. तारीख न पाहता कोणी एक्सेलमधे ग्राफ काढला तर वाटेल अर्धा जिल्हाच उठून गेला! गोंदियाचे १२ लाख मिळवले की हिशोब जुळते.

आता सगळ्यात जास्त गोंधळ मंडळाचा, आणि पैशाचा मामला पण तिथंच आहे. अतिवृष्टी धरतात ती मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर, पीक विम्याचं युनिट पण मोठ्या पिकांना बहुतेक मंडळच, आणि विम्याचं उंबरठा उत्पादन (पीक ज्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते तो आकडा) काढतात ते मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीवरून. मग मंडळच दोन वर्षांचं असेल तर ७ वर्षं आणायची कुठून? आमच्या डेटात आम्ही जुन्या मंडळाचे आकडे नवीन मंडळाला जोडून देतो, पण त्या रकान्यात स्पष्ट लिहितो की हे उसने आहेत. विमा कंपनी काय धरेल ते आमच्या हातात नाही, ते तिकडंच विचारा.

गाव तुटून दोन झाले तर जुन्या आकड्यांची वाटणी करावी लागते. सोपा रस्ता म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबानं वाटून टाकायचं, बरेच जण तेच करतात, पण गडचिरोलीकडं हे साफ फसते, तिथं एका तुकड्यात नुसतं जंगल आणि दुसऱ्यात सगळी वस्ती असं असू शकते, मग जंगलातच माणसं वाटली जातात. आम्ही गट नंबरची यादी घेऊन वाटतो. वेळ लागते, पैसे पण थोडे जास्त लागतात.

आणखी एक. धुरा सरकणं वेगळं आणि मोजणी नीट होणं वेगळं. आधी टोपोशीटवरून (सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावरून) काढलेली हद्द वीस-तीस मीटर इकडंतिकडं होती आणि आम्ही ती बरोबर केली, तर ती दुरुस्ती झाली, गावाची हद्द काही बदलली नाही, आमच्याकडं ते वेगळ्या खात्यात जाते. नदीचं पण तसंच. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा हद्दीवरून वाहतात, सॅटेलाइटवर पात्र सरकलेलं दिसलं म्हणून आम्ही हद्द ओढत नाही, कागद आला तरच. यवतमाळवाल्यांसाठी खास: ७८ अंश रेखांश तुमच्या जिल्ह्यातूनच जाते, म्हणून दिग्रस-दारव्हा यूटीएमच्या (नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडायची पद्धत) ४३ नंबर झोनमधे आणि यवतमाळ-वणी ४४ मधे, दोन फाइली एकावर एक बसत नसतील तर आधी हे तपासा, मग आम्हाला शिव्या द्या 🙂

नावावर भरोसा ठेवू नका. खुर्द, बुद्रुक, माल, चक, रिठी, एका नावाची चार-चार गावं निघतात. कोड द्या. पण २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी कोड आणि पंचायत राज मंत्रालयाच्या एलजीडीचा (गावं-पंचायतींची सरकारी ऑनलाइन यादी) कोड हे दोन वेगळे आहेत, कोणता दिला ते लिहा. महसुली गाव आणि ग्रामपंचायत पण एक नाही, गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतात, आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की पुन्हा वेगळा हिशोब.

जनगणना २०२७ साठी राज्यांना हद्दीचे बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच करायला सांगितलं होतं, म्हणून ती तारीख आम्ही पक्की बेसलाइन धरली आहे. तुम्ही काहीच नाही सांगितलं तर नकाशा त्या तारखेचा मिळेल. दुसऱ्या तारखेचा पायजे असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

तुमच्या भागात काही बदललं असेल तर राजपत्राची कॉपी व्हॉट्सॲपवर टाका. प्रारूप नको, ते हरकतींसाठी असते, अंतिम अधिसूचना पायजे, सगळी पानं, परिशिष्टासकट, कारण गावांची यादी तिथंच असते. पेपरातल्या बातमीवरून आम्ही हद्द बदलत नाही. आणि आमची फाइल तुमच्याकडं उघडून त्यात हातानं रेषा सरकवू नका, खरंच सांगतो, मागच्या वेळी ते शोधता शोधता आमचे दोन दिवस गेले.