स्पीडोमीटर ड्राइव्ह (जुन्या मोटरसायकलींतील) व त्यातील दोषशोधन

स्पीडोमीटर ड्राइव्ह म्हणजे चाकाचे किंवा गिअरबॉक्सचे फेरे केबलमार्गे मीटरपर्यंत पोहोचवणारी यांत्रिक जोडणी. एका टोकाला दात्यांची जोडी, मधे लवचीक केबल आणि वर मीटर, अशी ही साखळी असते. काटा हलेनासा झाला की बहुतेक जण आधी नवी केबल आणतात. केबल तुटलेली असतेही. पण ती कशामुळे तुटली हे न पाहता नवी घातली, तर तीही लवकरच जाते. या दुरुस्तीतला खरा प्रश्न एकच असतो : चाकापासून निघालेला फेरा कुठे अडतो?

ड्राइव्हची जागा गाडीगणिक बदलते. जुन्या जपानी गाड्यांत आणि बुलेटमध्ये ती बहुधा पुढच्या चाकाच्या हबपाशी असते. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मागच्या चाकाच्या एक्सलवर वेगळी छोटी पेटी बसवलेली दिसते. बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर गाड्यांत केबल थेट गिअरबॉक्समधून निघते. दोष शोधताना या फरकाला महत्त्व आहे. चाकावरचा ड्राइव्ह पाणी, चिखल आणि चाक काढण्या-बसवण्यातल्या चुका सोसत असतो. गिअरबॉक्समधल्या ड्राइव्हला तेल आयते मिळते, पण तिथे चेनचे स्प्रॉकेट किंवा मागचे गुणोत्तर बदलले की मीटरचा आकडाही बदलतो.

हबमधल्या ड्राइव्हची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी कडे असते आणि त्याला काटकोनात बसवलेली, तिरक्या दात्यांची बारीक दांडी असते. तिला कारागीर ‘वर्म’ म्हणतात. कड्याला बाहेरून दोन कान असतात, ते हबच्या दोन खाचांत बसले तरच कडे फिरते. चाक बसवताना कान खाचेत न बसता कडेवर राहिले आणि एक्सलचा नट आवळला, तर ते चेपतात किंवा तुटतात. म्हणून पहिली चौकशी हीच करावी : मीटर कधी बंद पडले? पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर लगेच बंद पडले असेल, तर आधी हे कान पाहावेत. दुसरी चूक ड्राइव्हच्या घराची. त्यावरची खाच फोर्कच्या गुट्टीत अडकली नाही, तर अख्खे घर चाकाबरोबर फिरू पाहते आणि केबल पिळून तोडते.

शोधाची सुरुवात वरून करणे सोयीचे, कारण तिथे काही उघडावे लागत नाही. केबलचा नट मीटरपासून सोडवावा, ज्या चाकावर ड्राइव्ह आहे ते उचलून हाताने पुढच्या दिशेने फिरवावे आणि केबलमधल्या तारेचे टोक पाहावे. (गिअरबॉक्समधून ड्राइव्ह असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे चाक फिरवावे.) टोक फिरत असेल तर ते चिमटीत हलकेच धरावे. ही चाचणी डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त सांगते. ड्राइव्ह ठीक असेल तर तार ठामपणे फिरत राहते, चिमटीतून सुटू पाहते. दाते झिजलेले असतील तर ती क्षणभर थांबते, बोटांना बारीक ‘टक्’ जाणवतो आणि मग पुन्हा फिरते. मोकळ्या तारेत हा दोष दिसत नाही, ओझे पडल्यावरच दाते घसरतात. टोक अजिबात फिरत नसेल तर केबल खालूनही सोडवून ड्राइव्हचे चौकोनी तोंड पाहावे. ते फिरत असेल तर दोष केबलचा, नसेल तर ड्राइव्हचा.

केबल बाहेर काढली की तार ओढून सपाट टेबलावर लोळवावी. सरळ तार गुळगुळीत लोळते, मुरड पडलेली उड्या मारते आणि गाडीवर तीच उडी काट्याच्या थरथरीत दिसते. चौकोनी टोकांचे कोपरे गोल झाले आहेत का, तेही पाहावे. वळण फार घट्ट नसावे, १५ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे तर नकोच. मीटरच्या अगदी जवळचे वळण सर्वांत वाईट. वरच्या टोकाला तार आवरणाबाहेर सुमारे १० मिलिमीटर यावी. जास्त आली तर ती मीटरचा दांडा वर रेटून त्याची बैठक (बेअरिंग) झिजवते, कमी आली तर धक्क्यासरशी सुटते. जुनी म्हणून मिळालेली केबल लांबीला चुकीची असणे सर्रास घडते, तेव्हा हे माप घेण्याचा कंटाळा करू नये.

ग्रीसबद्दल इथे जोर देऊन सांगायला हवे, कारण अनेक चांगली मीटरे त्यापायी खराब झाली आहेत. तारेचे पीळ स्क्रूसारखे वागतात आणि ग्रीस हळूहळू वर चढवतात. म्हणून तारेचा खालचा भाग हलके माखावा आणि वरचा २० सेंटीमीटरचा भाग जवळपास कोरडा ठेवावा. काचेच्या आतून तेलकट ओघळ दिसला आणि काटा भलत्याच आकड्यावर चिकटून राहू लागला, तर ग्रीस आत पोहोचले असे समजावे. ड्राइव्हमध्येही ते ठासून भरू नये. शेजारीच ड्रम ब्रेक असतो. सीलमधून निसटलेले ग्रीस लायनिंगला लागले, तर मीटरच्या दुरुस्तीतून ब्रेकचा धोका उभा राहतो.

केबल आणि ड्राइव्ह ठीक निघाले, तर उरते मीटर. चुंबकी मीटरचे पेटंट जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ साली घेतले, आणि रचना मुळात तीच राहिली. केबल एक चुंबक फिरवते, त्याला न शिवता बसलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात, वाटी ओढली जाते आणि बारीक केसस्प्रिंग तिला रोखून धरते. किलोमीटर मोजणारा ओडोमीटर मात्र त्याच दांड्यावरून दात्यांनी चालतो. या दोन वाटा मीटरच्या आतच फुटत असल्यामुळे निदान सोपे होते. काटा आणि ओडोमीटर दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा मीटरच्या खाली असतो. ओडोमीटर चालू आणि काटा मेलेला, किंवा याच्या उलट असेल, तर केबलला हात लावण्याची गरज नाही.

केबल वारंवार तुटत असेल तर मीटरचा दांडा बोटांत धरून फिरवून पाहावा. तो जड लागला किंवा चालताना मीटर किंचाळत असेल, तर बैठक कोरडी पडली आहे. तारेने तिथेच जीव सोडलेला असतो. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या जुन्या क्रोनोमेट्रिक मीटरची गोष्ट वेगळी. ते घड्याळासारखे ठराविक अंतराने फेरे मोजते, म्हणून त्याचा काटा टप्प्याटप्प्याने सरकतो. हा दोष नव्हे. ते उलट दिशेने कधीही फिरवू नये आणि घरी उघडू नये.

सगळे फिरते आहे, पण आकडा चुकतो, ही तक्रार सुटे भाग इकडचे तिकडे लावलेल्या गाड्यांत फार आढळते. ओडोमीटर फक्त फेरे मोजतो. त्यामुळे काटा आणि ओडोमीटर एकाच प्रमाणात चुकत असतील तर ड्राइव्हचे गुणोत्तर, टायर किंवा मीटर यांचा मेळ बसलेला नाही. एकटा काटा चुकत असेल तर चुंबक किंवा स्प्रिंग थकली आहे. ब्रिटिश मीटरच्या तबकडीवर खाली १६०० किंवा १००० असा बारीक आकडा असतो : एका मैलाला केबलचे फेरे. बीएमडब्ल्यूच्या तबकडीवर डब्ल्यू अक्षराजवळचा ०.७च्या आसपासचा आकडा दर मीटरचे फेरे सांगतो.

पडताळणीसाठी केबल वरून सोडवून तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावावा, टायरवर खडूची खूण करावी आणि गाडी चाकाचे ६ फेरे होईपर्यंत सरळ ढकलावी. बाणाचे फेरे मोजावेत आणि कापलेले अंतर टेपने मोजावे. समजा ६ फेऱ्यांत १२ मीटर अंतर गेले आणि बाण १२ वेळा फिरला, तर किलोमीटरला १००० आणि मैलाला सुमारे १६०९ फेरे पडतात. त्या गाडीला १६००चे मीटर जुळते. पेटीवर २:१ऐवजी १५:१२ असे गुणोत्तर कोरलेले असेल, तर त्याच चाकावर मैलाला १००६च फेरे पडतील आणि खरा वेग ताशी ६० मैल असताना तेच मीटर ३८च्या आसपास दाखवील. तिथे मीटर उघडून काहीच मिळणार नाही, पेटी बदलावी लागते.