पिकअपची भारमर्यादा व टोचन (मराठवाडा)

पिकअपची भारमर्यादा म्हणजे हलक्या मालवाहू गाडीत कायद्याने व बांधणीने किती वजन लादता येते याची हद्द. बोलीत तिला ‘पासिंग’ म्हणतात. टोचन म्हणजे मागे दुसरे वाहन जोडून ओढत नेणे. मराठवाड्यात मोंढ्याकडे जाणारे सोयाबीन, जालन्याची सळई, वस्त्यांवर पोचवायचे पाणी, बैलजोड्या आणि मिनी ट्रॅक्टर या सगळ्यांसाठी पिकअपच वापरतात. गाडी तीच असली तरी प्रत्येक माल तिच्यावर वेगळ्या तऱ्हेने भार टाकतो. त्यामुळे ‘दीड टनाची गाडी’ एवढ्या माहितीवर भरलेला माल बहुधा जास्तच होतो.

पासिंगचा हिशेब

आरसी बुकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह कमाल वजन. त्यांतला फरक म्हणजे भारक्षमता, पण ती सगळीच मालासाठी मिळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतात. नोंदणीनंतर बसवलेली लोखंडी जाळी, कॅरिअर, ताडपत्री, दोर आणि जादा स्टेपनीही त्यात येत नाहीत.

समजा, बुकात रिकामे वजन १,७०० किलो व कमाल वजन ३,००० किलो आहे. फरक १,३०० किलोंचा. दोन माणसांचे १४० किलो, जाळीचे १२० आणि ताडपत्री-दोरांचे ३० वजा केले की उरतात १,०१० किलो. म्हणजे पन्नास किलोंचे वीस कट्टे. हंगामात अशाच गाडीत तीस कट्टे सहज चढवले जातात आणि गाडी चालतेही. ती चालते यावरूनच अनेकांचा गैरसमज होतो. इंजिनाला वजन ओढता येते, पण ब्रेक, टायर आणि मागचा एक्सल यांची मर्यादा त्याआधीच ओलांडलेली असते.

पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतल्याने पासिंग वाढत नाही. जादा पाट्यामुळे गाडी मागे बसत नाही एवढेच. उलट ओव्हरलोड झाल्याची डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण त्यामुळे नाहीशी होते. ब्रेकचे ड्रम, चाकाचे बेअरिंग आणि चासी जुन्याच असतात.

टायरच्या कडेवरचा भारांकही वाचावा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे १,१२०. मागे १०४ चे दोन टायर असतील तर त्या एक्सलवर, गाडीच्या स्वतःच्या वजनासह, १,८०० किलोंपेक्षा जास्त भार येता कामा नये; तोही हवा पूर्ण असेल तरच. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा कमी हवेचा लादलेला टायर कडेला वारंवार दुमडून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधील हवा ‘वाढली’ म्हणून सोडणे ही नेहमीची चूक आहे. टायर थंड झाला की तो कमी हवेचा ठरतो.

भार कुठे ठेवला

किती वजन याइतकेच ते कुठे ठेवले याला महत्त्व आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ३.१ मीटर आणि मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंमी पुढे असेल, तर १,००० किलोंपैकी सुमारे ९०० किलो मागेच जातात. तोच माल फाळक्याकडे (मागच्या झडपेकडे) सरकून मध्य एक्सलच्या ६० सेंमी मागे गेला, तर मागच्या एक्सलवर सुमारे १,१९० किलो येतात आणि पुढची चाके १९० किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागू लागणे ही त्याची खूण. म्हणून जड माल केबिनला टेकवून, हौद्याच्या (माल ठेवायच्या मागच्या भागाच्या) तळाशी ठेवावा आणि हलका माल वर व मागे.

नेहमीच्या मालाची वजने पाठ असलेली बरी. सिमेंटच्या वीस गोण्या म्हणजे टन. युरियाची गोणी आता ४५ किलोंची आणि डीएपीची ५० ची. सळईचे दर मीटरचे वजन काढायला मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागावे. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलोंची असते, म्हणजे ९४ सळयांचा टन होतो. नऊ फुटी हौद्यात चाळीस फुटी सळई मावत नाही. मधोमध वाकवली तरी ती वीस फुटी राहते, म्हणून लांब गाडी करावी. मागे लोंबणारी सळई रात्री दुचाकीस्वाराला दिसत नाही. वाळू तर सर्वांत फसवी : एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन, ओली असेल तर त्याहून जास्त. पाव ब्रासही अकराशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाडीला तोही जास्तच. वेचलेल्या कापसाचे गणित उलटे आहे. वजन थोडे, पण जाळीच्या वर रचलेला ढीग वाऱ्याने कलतो.

पाण्याची टाकी

मराठवाड्यात पिकअपवर हमखास ओव्हरलोड होतो तो पाण्याचा, कारण पाणी कोणी तोलत नाही. हजार लिटर म्हणजे हजार किलो. दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी हौद्यात नीट बसते, म्हणून ती बसवली जाते. पण भरली की टाकीसह दोन टनांहून जास्त वजन होते. वरच्या उदाहरणातल्या गाडीला ते दुप्पट आहे. शिवाय उभ्या टाकीतील पाण्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास जातो आणि वळणावर गाडी लवकर कलते.

‘मग अर्धीच भरू’ हा उपाय वजनापुरता बरोबर आहे, चालवण्याच्या दृष्टीने वाईट. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाणी हलत नाही. अर्ध्या टाकीत ते ब्रेक दाबताच पुढे आणि वळणावर बाहेरच्या बाजूला धावते. गाडी थांबल्यावर पाठीमागून पुन्हा धक्का बसतो तो त्याचाच. एका मोठ्या टाकीपेक्षा पाचपाचशे लिटरच्या दोन टाक्या घ्याव्यात, पूर्ण भराव्यात आणि एका वस्तीवर एकच टाकी पूर्ण रिकामी करावी. अर्धवट टाकी घेऊन पुढे जावेच लागले तर ताशी ३० किमीच्या वर जाऊ नये. प्लॅस्टिकची भिंत लवचिक असते, त्यामुळे दोराचा ताण टिकत नाही. म्हणून टाकीच्या बुडाभोवती लाकडी पट्ट्या ठोकून ती अडकवावी आणि भरल्यानंतर दोर पुन्हा ताणावा.

यंत्रे, जनावरे, माणसे

१८-२० अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर ६५० ते ८५० किलोंचा असतो. वजनाच्या हिशेबात तो बसतो, पण खरा धोका चढवताना असतो. हौदा ८० सेंमी उंच आणि फळ्या आठ फुटी असतील तर चढ जवळजवळ १९ अंशांचा होतो. दहा फुटी फळ्यांनी तो १५ वर येतो. ट्रॅक्टरचा भार मागे असल्याने तो उलटा, रिव्हर्समध्ये चढवावा. सरळ चढवला तर पुढची चाके उचलून मागे पलटू शकतो. फळ्या हौद्याला साखळीने अडकवाव्यात, पिकअपच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि हौद्याच्या मागच्या कडेखाली ठोकळे द्यावेत. नाहीतर ट्रॅक्टर कडेवर आला की पिकअपचे तोंड वर होते. वर गेल्यावर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा आणि चार कोपऱ्यांना आडवे-तिरपे पट्टे ओढावेत. सर्व पट्ट्यांची छापील सुरक्षित क्षमता मिळून यंत्राच्या निम्म्या वजनाहून कमी नसावी. दहा-पंधरा किमीनंतर पट्टे पुन्हा तपासावेत. पहिल्या खड्ड्यांतच टायर दबून ते सैल होतात.

 

हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी बैलांची जोडी आणायची तर वजन हजार किलोंच्या आत-बाहेर भरते आणि हा माल स्वतःहून सरकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला किमान दोन चौरस मीटर जागा व स्वतंत्र कप्पा सांगितला आहे. पिकअपच्या हौद्यात म्हणूनच दोनच मोठी जनावरे बसतात. वऱ्हाड किंवा मजूर हौद्यातून नेणे बेकायदेशीर आहे. उभी पंचवीस माणसे म्हणजे दीड टन, तेही उंचावर.

घाट आणि ब्रेक

मांजरसुंबा, येडशी किंवा कन्नडचा औट्रम घाट उतरताना भाराचा खरा कस लागतो. तीन टनांची गाडी ६० मीटर उंची उतरते तेव्हा ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी ६० किमीवरून चारदा पूर्ण थांबण्याइतकी असते. ड्रम तापले की पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. चढाला जो गिअर लागेल तोच उताराला ठेवावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणे घातक आहे. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही थोड्या दाबांत संपते.

दंड

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. माल बाजूने, मागे किंवा उंचीने बाहेर आल्यास वेगळे २०,००० आणि काट्यावर जाण्यास नकार दिल्यास ४०,०००. भुईकाट्याची पावती त्यामानाने फुकटच म्हणायची. परवान्याबाबत : ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले.

टोचन

पिकअपला ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा हडंबा (मळणीयंत्र) जोडून नेण्याची पद्धत चुकीची आहे. रिकामी ट्रॉलीच टन-दीड टनाच्या घरात जाते, तिला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि उताराला ती पिकअपला ढकलते. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. नोंदणीकृत ट्रेलर असेल तर त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. कमी आला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हेलकावतो, जास्त आला तर पिकअपची पुढची चाके हलकी होतात. हुकावरचा हा भार पिकअपच्या पासिंगमध्येच मोजायचा असतो.

बंद पडलेली गाडी टोचन करताना दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरच्या आत ठेवावे, दोराला लाल कापड बांधावे, मागच्या गाडीत चालक बसवावा आणि वेग ताशी २० किमीच्या आसपास ठेवावा.

पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली गाडी काढणे हा वेगळाच प्रकार. चाक निम्मे रुतले असेल तर ढोबळ हिशेबाने गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, म्हणजे लादलेल्या पिकअपला तीन टन. म्हणून आधी माल उतरवावा, चाकापुढची माती खणावी आणि खाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या अंथराव्यात. दोर चासीच्या हुकालाच बांधावा. बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला बांधू नये. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू ढील काढून मग ओढावे. झटका दिला तर दोर तुटतो आणि तुटलेले टोक चाबकासारखे परतते. त्यामुळे दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कोणी उभे राहू नये आणि दोराच्या मधोमध ओले पोते टाकून ठेवावे.