तीन वर्षांची वाट, सहा वर्षांची वाट : न्यूरोसर्जरीच्या निवासी प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अभिमत विद्यापीठे सोडली, तर महाराष्ट्रात न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदू-मणक्याची शस्त्रक्रिया, मुंबईत शिका, पुण्यात शिका किंवा नागपुरात शिका, एमसीएच या तिच्या पदवीवर गाव लागते ते नाशिकचे. १९९८ मध्ये राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले. तोवर वेगवेगळ्या विद्यापीठांकडे विखुरलेल्या वैद्यकीय परीक्षा मग म्हसरूळच्या आवारात एकत्र आल्या. प्रबंधाचा आराखडा इथे येतो, परीक्षकांच्या नेमणुका इथून होतात, निकालही इथून लागतो. ऑपरेशन टेबलाशी उभे राहून शिकायच्या जागा मात्र बहुतांशी मुंबई, पुणे आणि नागपूरकडे आहेत. नाशिक जिल्ह्यात डोक्याला मार लागलेल्या माणसाला वेळेत न्यूरोसर्जन मिळतो की नाही, या प्रश्नाची मुळे बरीचशी या प्रशिक्षणाच्या रचनेत आहेत. आधी जनरल सर्जरीची एमएस करून मग तीन वर्षे न्यूरोसर्जरी, की एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षे, हा तिच्यातला मुख्य वाद. ही रचना कशी घडत गेली ते इथे मांडतो.

फार मागे जायची गरज नाही. शिकाऊ सर्जनने रुग्णालयातच राहायचे, रात्रंदिवस एका वरिष्ठाच्या हाताखाली काम करायचे आणि पायरीपायरीने जबाबदारी घ्यायची, ही पद्धत १८८९ मध्ये सुरू झालेल्या बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रुजली. ‘रेसिडेंट’ हा शब्द तिथूनच प्रचलित झाला. आपल्याकडे न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू झाला, पुढच्या वर्षी मद्रासला, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत. हे विभाग उभारणारी मंडळी माँट्रियल, न्यूकॅसल अशा ठिकाणी शिकून आली होती. देशातली या विषयाची संघटना १९५१ मध्येच झाली. म्हणजे शिकवणारे मोजके, शिकणारे त्याहून मोजके, आणि आलेला प्रत्येक जण आधी जनरल सर्जन. ही शेवटची बाब लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातून निघाला.

नव्वदच्या दशकात मी जनरल सर्जरीचा रेसिडेंट होतो, तेव्हा हेड इंज्युरी वॉर्डातली पोस्टिंग चुकवायची कुणाची टाप नव्हती. वॉर्डाच्या फळ्यावर प्रत्येक खाटेपुढे तीन आकडे लिहिलेले असत : डोळे, बोलणे, हालचाल. १९७४ मध्ये ग्लासगोहून आलेले शुद्धी मोजायचे हे गुणांकन १५ वरून ३ पर्यंत उतरते. रात्री दर तासाला ते पुन्हा लिहायचे काम आमचे. हालचालीचा आकडा ६ वरून ५ झाला, की रजिस्ट्रारला, म्हणजे वरच्या वर्षाच्या रेसिडेंटला, उठवायचे. ५ वरून ४ झाला, तर मामांना (वॉर्डबॉयना) ट्रॉली आणायला सांगून मगच उठवायचे. हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते. आमच्या आधीच्या हाउसमनने आम्हाला असेच सांगितले होते.

ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, पहिले काम सलाइन सोडण्याचे. रजिस्ट्रार हडसन ब्रेस, म्हणजे कवटीला भोक पाडायचे हाताने फिरवायचे यंत्र, छातीशी धरून, सुताराने सामता फिरवावा तसा फिरवायचा. आपण वीस सीसीच्या सिरिंजने भोकावर धार धरायची, म्हणजे हाड तापत नाही आणि भुसा वाहून जातो. कवटीचे बाहेरचे कवच, मधला रक्ताळ थर आणि आतले कवच, या तिन्हींचा आवाज वेगळा. आतले कवच सुटायला आले, की ब्रेस किंचित अडखळतो. तिथे हात थांबला पाहिजे, पाते बदलले पाहिजे. चार भोके झाली, की त्यांच्यामधून जिगलीची करवतीसारखी तार ओढून हाडाची फळी मोकळी करायची. खाली ड्युरावर, म्हणजे मेंदूच्या वेष्टनावर, बसलेली रक्ताची गुठळी दिसते ती कलेजीच्या तुकड्यासारखी, काळपट आणि घट्ट. ती निघाली, की काही मिनिटांत मेंदू पुन्हा ठोके देऊ लागतो. ज्याने ते एकदा पाहिले, त्याला हा विषय विसरता येत नाही.

त्या दोन-तीन महिन्यांच्या पोस्टिंगने आमच्यापैकी कुणी न्यूरोसर्जन झाला नाही. पण तालुक्याला, जिल्ह्याला गेलेल्या सर्जनच्या हातात एक गोष्ट राहिली. नाशिकला परतल्यानंतरच्या वर्षांत, पेठच्या बाजूने मोटरसायकलवरून पडून आलेला एक मुलगा माझ्यासमोर होता. एका बाजूची बाहुली विस्फारलेली, रात्री स्कॅन मिळायची सोय नाही, मुंबई १७० किलोमीटर. ज्या बाजूची बाहुली मोठी, त्या बाजूच्या कानशिलावर भोक घेतले आणि गुठळी तिथेच होती. पहाटे तो आईला ओळखू लागला. आज तशा स्थितीत मी भोक घेणार नाही, कारण आज स्कॅन मिळतो, न्यूरोसर्जनही शहरात आहेत, आणि न पाहता कवटी उघडणे योग्य धरले जात नाही. ते बरोबरच आहे. पण सुरगाणा नाशिकपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे आणि ते अंतर तेवढेच राहिले आहे.

आता पदवीच्या नावातला गुंता, कारण चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जनरल सर्जरीची पदवी एमएस, म्हणजे ‘मास्टर ऑफ सर्जरी’. न्यूरोसर्जरीची एमसीएच, म्हणजे ‘मॅजिस्टर चिरुर्जी’. दुसरे नाव लॅटिन आहे एवढेच. अर्थ दोन्हींचा एकच. ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या विद्यापीठांत एमसीएच ही शल्यशास्त्रातली एक उच्च पदवी होती, अमुक एका अवयवाशी तिचा संबंध नव्हता. आपण मात्र या समानार्थी नावांची उतरंड केली : खाली एमएस, तिच्यावर एमसीएच. त्यामुळे ऐकणाऱ्याला सहज वाटते, की आधी एमएस करणे हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे स्वाभाविक पहिले पाऊल आहे. तसे ते नाही. ती त्या काळातली एक प्रशासकीय निवड होती. पन्नासच्या दशकात न्यूरोसर्जरी शिकायला येणारा आधीच सर्जन असायचा, म्हणून अभ्यासक्रम मोजक्या वर्षांचा ठरला आणि एमएस ही त्याची पात्रता ठरली. सोय होती, तिचा नियम झाला.

या निवडीला पर्याय नव्हता असे नाही. नियमांत एमबीबीएसनंतर थेट प्रवेशाची तरतूद झाली, आधी पाच आणि पुढे सहा वर्षांची. दिल्ली आणि बंगळुरूच्या केंद्रीय संस्थांनी ती वाट धरली. राज्यातल्या सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत मात्र ‘तीन अधिक तीन’ हीच वाट रूढ राहिली. हिशोब मांडून पाहा. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमएस तीन, सरकारी सेवेच्या बॉण्डचे एक, एमसीएच तीन. सगळे पहिल्या प्रयत्नात जमले, तर साडेबारा वर्षे. थेट वाटेने तेच साडेअकरात होते. फरक एका वर्षाचा दिसतो, आणि म्हणून वाद किरकोळ वाटतो. खरा फरक वर्षांत नाही. तीन वर्षांच्या वाटेत मेंदूसमोर उभे राहायला तीनच वर्षे मिळतात, थेट वाटेत सहाच्या आसपास.

आणि ती तीन कशी जातात हे जवळून पाहिलेल्याला विचारावे. पहिल्या वर्षी वॉर्ड, इमर्जन्सीचे कॉल, शंट (मेंदूतले पाणी वळवणारी नळी), क्रॉनिक सबड्युरल (मेंदूवर साचलेले जुने रक्त). दुसऱ्या वर्षी मणक्याची कामे हाती येतात, ट्यूमरमध्ये उघडणे आणि बंद करणे. तिसऱ्या वर्षी मायक्रोस्कोपखाली बसायची वेळ येते, तोवर परीक्षा दाराशी असते. मायक्रोस्कोपखालचे काम हाताला वर्षानुवर्षे लागते. वयाच्या तिसाव्या-एकतिसाव्या वर्षी सुरुवात करणारा आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ओटीत उभा राहिलेला, यांच्या सवयीत फरक पडणारच. मुलींच्या दृष्टीने तर ही रचना आणखी कठीण आहे. साडेबारा वर्षांची वाट नेमकी लग्न आणि बाळंतपणाच्या वयातून जाते, आणि या विषयात स्त्रिया अजून कमी का दिसतात याचे एक कारण तिथे आहे, असे मला ठामपणे वाटते.

तीन अधिक तीनच्या बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे. ज्याने तीन वर्षे पोट, छाती, जखमा पाहिल्या, तो अपघातातल्या माणसाकडे सबंध पाहतो. डोक्याला मार असलेल्या रुग्णाचे प्लीहेतून रक्त जात असेल, तर ते त्याच्या नजरेतून निसटत नाही. शिवाय चोविसाव्या वर्षी सहा वर्षांसाठी बांधून घेतलेला मुलगा दुसऱ्या वर्षी म्हणाला, की हे मला झेपत नाही, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. एमएस झालेल्याच्या हातात किमान सर्जरी असते. हा दुसरा मुद्दा मला खरा वाटतो, आणि थेट अभ्यासक्रमात मध्येच बाहेर पडणाऱ्यासाठी सन्मानाची सोय असायला हवी. पहिल्या मुद्द्याचे उत्तर थेट अभ्यासक्रमातल्या जनरल सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये आहे. सर्वांगाने पाहायला शिकवण्यासाठी आणखी एक पदवी कशाला लागते?

राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी ही पदवी म्हणजे तिसरी वाट. १९८२ पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या मंडळाने विद्यापीठाबाहेरच्या, खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांना शिकवण्याची मुभा दिली आणि न्यूरोसर्जरीत थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही ठेवला. अलीकडे या स्तरावरच्या पदवीचे नाव बदलून डीआरएनबी झाले. विद्यापीठाच्या पदवीशी तिची बरोबरी होते की नाही, विशेषतः शिकवण्याच्या पदासाठी, यावर बरीच वर्षे ओढाताण झाली. नाशिकसारख्या शहराला, जिथे खाटा खासगीत जास्त आहेत, तिथे ही वाट महत्त्वाची आहे. पण भरपूर रुग्ण असणे आणि रेसिडेंटच्या हातात काम देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे मोजून आलेल्या रुग्णाचे ऑपरेशन रेसिडेंटने करावे, हे नातेवाइकांना पटवणे अवघड असते. त्यामुळे लॉगबुकात, म्हणजे रेसिडेंटच्या कामाच्या नोंदवहीत, ‘सहाय्य केले’ची पाने भरतात आणि ‘स्वतः केले’ची कोरी राहतात.

२०१७ मध्ये सुपरस्पेशालिटीच्या, म्हणजे एमसीएचसारख्या एमएसवरच्या पदव्यांच्या, प्रवेशासाठी काही केंद्रीय संस्था सोडल्या, तर देशभर एकच परीक्षा आली. त्याआधी राज्याची परीक्षा वेगळी, प्रत्येक मोठ्या संस्थेची वेगळी, आणि मुले रेल्वेने गावोगाव फिरत. एक परीक्षा झाली हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर स्थानिक धागा सुटला. नाशिकचा मुलगा तिरुअनंतपुरमला आणि तिकडचा मुंबईला. शिक्षण संपल्यावर जो तो आपल्या गावाकडे, नाहीतर जिथे ओळखी झाल्या तिथे राहतो. बॉण्डचा उपाय त्यासाठीच होता, आणि सुपरस्पेशालिटी डॉक्टरांवरचे बॉण्ड सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये वैध ठरवले. मात्र मायक्रोस्कोप नाही, न्यूरो भूलतज्ज्ञ नाही, रात्रीचा आयसीयू नाही अशा जागी न्यूरोसर्जनला वर्षभर बसवले, तर त्याचाही हात गंजतो आणि रुग्णाचेही भले होत नाही. बॉण्डवर आलेल्या माणसाच्या आधी त्याचे टेबल तयार असायला हवे.

कामाच्या तासांचे थोडक्यात सांगतो. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी सहसा नको आणि आठवड्याला ४८ तास, असे आकड्यात लिहिले होते. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात ते कुणी पाळलेले मी पाहिले नाही. अमेरिकेत २००३ पासून सर्व शाखांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली. आपल्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आकडा नाही, ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच शब्द आहेत. छत्तीस तास जागा असलेला मुलगा ब्रेसचे अडखळणे ओळखू शकत नाही. वाजवी म्हणजे किती, हे आकड्यात लिहिण्याचे धैर्य नियम करणाऱ्यांनी दाखवायला हवे होते.

याच काळात जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांची सक्तीची पोस्टिंग आली. २०२० मध्ये नियम निघाला, २०२१ च्या तुकडीपासून एमडी-एमएसच्या रेसिडेंटना तो लागू झाला. सुपरस्पेशालिटीच्या रेसिडेंटना तो नाही. म्हणजे जिल्हा पातळीवर आज येतो तो जनरल सर्जरीचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याच्या महाविद्यालयात हेड इंज्युरी सरळ न्यूरोसर्जरीकडे जाते, त्यामुळे त्याने ब्रेस हातात धरलेला नसतो, आणि पुष्कळदा दर तासाचे आकडेही स्वतः लिहिलेले नसतात. न्यूरोसर्जनसाठी सहा वर्षांची थेट वाट खुली करायची असेल, तर जनरल सर्जरीच्या रेसिडेंटला हेड इंज्युरीची पोस्टिंग परत द्यावी लागेल. ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील. राज्यातल्या चर्चेत पहिल्यावर पानेच्या पाने लिहिली जातात, दुसऱ्याचा उल्लेखही नसतो.

कवटी त्याने उघडायची नाही, हे मान्य. पण १०८ ची गाडी दाराशी उभी असताना तो रेफरल चिठ्ठी लिहितो, तिच्यावर काय हवे ते त्याला कुणीतरी शिकवलेले असले पाहिजे : मार लागल्याची वेळ, मधे शुद्धीवर आला होता का, तिन्ही आकडे वेगवेगळे आणि प्रत्येकापुढे घड्याळ, दोन्ही बाहुल्या, मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारे औषध) दिले तर किती वाजता. नुसते ‘पेशंट गंभीर, पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ एवढीच चिठ्ठी हाती आली, तर रात्री अडीचला उठून आलेल्या न्यूरोसर्जनला पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसावे लागते.