गावठाणातली घरची वाइन

महाराष्ट्रातल्या वाइनचा इतिहास बहुतेकदा नाशिकपासून सांगितला जातो. तिथली द्राक्षं, २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वायनरी. पण मुंबईत वांद्रे, गोराई, मनोरीच्या गावठाणांत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातली मूळची ख्रिस्ती, कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून नाताळसाठी घरीच वाइन घालत आली आहेत. या इतिहासात त्यांचा साधा उल्लेखही नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांच्या हाती गेली. कोळी, कुणबी, भंडारी अशा इथल्याच समाजांतली कुटुंबं ख्रिस्ती झाली. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, द्राक्षाची वाइन लागे, रोजच्या जेवणाला मात्र माडाची ताडीच. पुढे गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांच्यापासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं.

घरची रीत आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. काळी द्राक्षं पुसून कोरडी करायची, कुस्करायची आणि साखर, थोडं यीस्ट, मूठभर गहू घालून चिनी मातीच्या बरणीत भरायची. खायच्या द्राक्षात वाइनच्या द्राक्षाइतकी गोडी नसते, म्हणून वरून साखर लागते. तोंडाला फडकं बांधतात, कारण आंबताना निघणारा वायू कोंडला तर बरणी फुटू शकते. रोज लाकडी डावाने ढवळायचं. साधारण २१ दिवसांनी गाळायचं आणि मग मुरू द्यायचं. गढूळपणा राहिलाच तर काही घरांत अंड्याचा पांढरा बलक फेटून घालतात: त्यातली प्रथिनं तुरट द्रव्यांना धरून तळाशी बसतात. गडद रंगासाठी साखर करपवून घालतात. दालचिनी घालायची की नाही, यावर मात्र दोन घरांचं एकमत होणं कठीण.

या बरणीवर सर्वात मोठी सावली पडली ती दारूबंदीची. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती पहिल्यांदा आली. ती टिकली नाही, पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी लागू झाली. धार्मिक विधीच्या वाइनला कायद्याने वाट ठेवली, प्रकृतीच्या कारणासाठी परमिटही मिळू लागलं. परवान्याशिवाय मद्य तयार करणं मात्र गुन्हाच ठरला, मग ते गुत्त्यावर विकायला असो की नाताळच्या पाहुण्यांसाठी. पुढे बंदी सैल होत गेली, पण तो कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे.

उद्योगाकडे मात्र सरकारने वेगळ्या नजरेने पाहिलं. २००१ च्या धोरणात वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मान्यता दिली. त्यावरून राज्यभर वाद पेटला आणि निर्णय अमलात आला नाही. या सगळ्या चर्चेत शेतकरी होता, कारखानदार होता, गावठाणातलं घर नव्हतं. विक्रीसाठी नसलेल्या, घरच्यांपुरत्या वाइनची ठरावीक मर्यादेत कायद्यात वेगळी नोंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.