१९९६ ची इंडी ५०० : बंदी नव्हती, राखीव जागा होत्या

१९९६ च्या इंडियानापोलिस ५०० (थोडक्यात इंडी) या अमेरिकेतल्या मोटार शर्यतीत ‘कार्ट’ या मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या संघांना बंदी होती, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. बंदी नव्हती. ही शर्यत जिचा भाग झाली त्या नव्या प्रतिस्पर्धी मालिकेनं, इंडी रेसिंग लीगनं, ३३ पैकी २५ जागा स्वतःच्या गुणतक्त्यातल्या आघाडीच्या गाड्यांसाठी राखल्या. उरलेल्या ८ सगळ्यांना खुल्या. ज्यांच्या जोरावर शर्यत गाजायची त्यांना आठ जागांसाठी झुंजवणं हा अपमानच, हे मान्य. पण बहिष्कार टाकला तो त्यांनी.

त्याच दिवशी, २६ मे रोजी, त्यांनी मिशिगनला ‘यूएस ५००’ भरवली. तिथे हिरवा झेंडा पडायच्या आतच पहिल्या रांगेतल्या गाड्या एकमेकींना भिडल्या आणि मागच्याही त्यात अडकल्या! जिमी वासर शेवटी राखीव गाडी काढून जिंकला.

इकडे इंडीत पहिला बडी लझीर, तोही मार्चमध्ये फिनिक्सला पाठीचं हाड मोडून घेतलेला. दुसरा डेव्ही जोन्स, गॅलस संघाचा. हाच गॅलस संघ त्या वर्षी कार्टमध्ये एडी लॉसनची गाडी पळवत होता. बंदी असती तर हे जमलं असतं?

लीगचा तो मोसम मात्र जेमतेम तीन शर्यतींचा. बझ कॅल्किन्स आणि स्कॉट शार्प २४६ गुणांवर बरोबरीत सुटले, म्हणून विजेतेही दोघं.