शिकारीची मोठ्या व्यासाची रिव्हॉल्व्हर काडतुसे

हरीण, रानडुक्कर, एल्क (मोठ्या जातीचे हरीण), अस्वल अशी जनावरे रिव्हॉल्व्हरने टिपता यावीत म्हणून अमेरिकेत तयार झालेली, जास्त दाबाची आणि जड गोळीची काडतुसे. गोळीचा व्यास साधारणपणे ०.४१ ते ०.५० इंच असतो. .३५७ मॅग्नम (१९३५) हे यांच्या आधीचे. पण त्याची गोळी हलकी असल्याने हरणापेक्षा मोठ्या जनावरासाठी ते कमीच पडते.

या वर्गाचे मूळ काडतूस .४४ मॅग्नम. आयडाहोतील पशुपालक आणि शस्त्रलेखक एल्मर कीथ अनेक वर्षे .४४ स्पेशल या जुन्या, कमी दाबाच्या काडतुसाच्या पुंगळीत (धातूच्या कवचात) नेहमीपेक्षा जास्त दारू भरून प्रयोग करत होते. .४५ कोल्ट हे जरा मोठ्या व्यासाचे जुने काडतूस सोडून त्यांनी .४४ धरले, कारण तेवढ्याच सिलिंडरमध्ये (रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यात) .४४ ची घरे, म्हणजे काडतुसे बसण्याची भोके, लहान असतात आणि त्यांच्याभोवती पोलाद अधिक उरते. १९५५च्या अखेरीस रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केले. पुंगळी सुमारे १/८ इंचाने लांब ठेवली, ती नवे काडतूस .४४ स्पेशलच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. .४४ स्पेशलची दाबमर्यादा दर चौरस इंचाला १५,५०० पौंड, तर मॅग्नमची ३६,०००. २४० ग्रेनची (१५.५ ग्रॅम) गोळी लांब नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघते.

पुढची झेप बंदूक कारागीर डिक कसल यांची. त्यांनी १९५०च्या दशकात .४५ कोल्टची पुंगळी लांब व मजबूत करून .४५४ कसल तयार केले. वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने १९८३ मध्ये त्यासाठी पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आणले. हा पाचचा आकडा महत्त्वाचा आहे. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये सिलिंडर जागेवर धरणारी अडकण पडण्याची खाच नेमकी घरावर, म्हणजे भिंत सर्वांत पातळ असते तिथे येते. पाच घरांमध्ये ती दोन घरांच्या मधल्या जाड पोलादावर येते. ६५,००० पौंडांचा दाब पेलायला हे लागतेच. त्यानंतर बंदूक कारागीर जॉन लाइनबॉ यांची .४७५ व .५०० लाइनबॉ, २००३ मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम आणि २००५ मध्ये .४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नम आले. .५०० ची ४०० ग्रेनची गोळी तीन हजार जूलहून अधिक ऊर्जा देऊ शकते. त्याच्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचे वजन दोन किलोच्या आसपास भरते.

ऊर्जेचे आकडे मात्र फसवे असतात. रायफलच्या वेगवान गोळीसारखा आतल्या अवयवांचा विध्वंस रिव्हॉल्व्हरची गोळी करत नाही. ती भोक पाडते आणि जनावर रक्तस्रावाने पडते. म्हणून गोळी किती आत जाते आणि तिचे टोक किती सपाट व रुंद आहे, यावरच सगळे ठरते. हरणासाठी .४४ ची २४० ग्रेनची पोकळ टोकाची गोळी उत्तम. तीच गोळी अस्वलाच्या किंवा मूसच्या (सर्वांत मोठ्या जातीच्या हरणाच्या) खांद्याच्या हाडावर लवकर पसरते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचण्याआधीच थांबते. अशा जनावरासाठी ३०० ग्रेन किंवा त्याहून जड, शिशात अँटिमनी व कथील मिसळून ओतलेली कठीण, सपाट टोकाची गोळी घ्यावी. ओतीव गोळी सिलिंडरच्या घराच्या पुढच्या तोंडात नेमकी बसली पाहिजे. ती बारीक असली तर गरम वायू बाजूने निसटतो, नळीत शिसे चिकटते आणि नेम बिघडतो.

नेम दोन्ही फुप्फुसांवर धरावा. ५० मीटरवर नेम जुळवलेल्या .४४ ची गोळी १०० मीटरवर पंधरा ते वीस सेंटीमीटर खाली लागते, त्यामुळे बहुतेकांनी १०० मीटरच्या आतूनच गोळी झाडावी. गोळी लागल्यावर जनावर बरेचदा पळते. लगेच मागे धावू नये, अर्धा तास थांबून रक्ताचा माग काढावा.

गोळी सुटताना रिव्हॉल्व्हर मागे ढकलणाऱ्या धक्क्यामुळे काडतुसांतही बिघाड होतो. एक गोळी उडते तेव्हा बाकीच्या पुंगळ्या मागे झटकल्या जातात आणि त्यांतल्या जड गोळ्या जडत्वाने जागीच राहतात, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकतात. गोळीचे टोक सिलिंडरबाहेर आले की सिलिंडर फिरतच नाही, आणि जखमी अस्वल समोर असताना हे घडणे जिवावर बेतू शकते. तपासायचे असेल तर शेवटचे काडतूस सोडून बाकी सगळी उडवावीत आणि त्या उरलेल्या काडतुसाची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहावी. फरक दिसला तर ती काडतुसे त्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नयेत. .५०० मध्ये धक्क्याने हात पुन्हा आवळला जाऊन नकळत दुसरी गोळी सुटल्याचेही प्रकार झाले आहेत. नवशिक्याच्या हाती एकच काडतूस भरून द्यावे.

सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून निघणारा वायू बोट कापू शकतो. आधाराचा हात त्या फटीच्या पुढे कधीही नेऊ नये. आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा शिकारीतही कानांना संरक्षण हवेच.

.४५४ च्या घरात .४५ कोल्ट आणि .४४ मॅग्नमच्या घरात .४४ स्पेशल चालते, सरावाला ते स्वस्त आणि सौम्यही पडते. मात्र आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळी व शिशाचे कडे जमते. ते ब्रशने घासून काढल्याशिवाय लांब काडतूस भरले तर ते पूर्ण आत जात नाही, आणि जबरदस्तीने बसवले तर पुंगळीचे तोंड उघडायला जागा न मिळून दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.